उबवणी मशीन अपडेट: थर्मोस्टॅट कोणता लावला अन् काहून

पेटी मागेच तयार झाली होती, थर्माकोलचा बॉक्स, ४० वॅटचे दोन साधे बल्ब अन् जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा. अडलं होतं फक्त टेम्परेचर कंट्रोलवर.

दुकानदार पहिले केएसडी ३०१ हातात देते. बटनाएवढं गोल टोपण असते, आत बायमेटलची चकती, गरम झाली की टक् करून उलटी वळते अन् लाइन तोडते. स्वस्त आहे, टिकते पण, पण एकदा तुटल्यावर परत जुळायला तिला दहा-पंधरा डिग्री खाली यावं लागते. कोंबडीच्या अंड्याला पंख्याच्या मशीनमधे ३७.५ च्या आसपास सारखी ऊब पाहिजे, २१ दिवस, मंग ३८ ला बंद अन् २५ ला चालू असा कारभार करून पिल्लं कशी निघतील?

म्हणून मेन कंट्रोलला डब्ल्यू १२०९ घेतला, म्हणजे डिस्प्ले अन् वायरवाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मोस्टॅट बोर्ड. त्याच्या सेटिंगला पी०, पी१ अशी नावं आहेत. पी० मधे एच (हीटिंग) ठेवायचं, सी (कूलिंग) राहिलं तर गरम झाल्यावर बल्ब लागतात 😄 पी१ म्हणजे चालू-बंदमधला फरक, कंपनीतून २ येते, तो मी ०.३ केला. सेन्सर बरेच जण बर्फात तपासतात पण आपलं काम ३७ वर आहे ना, म्हणून कोमट पाण्यात तापाचं डिजिटल थर्मामीटर अन् सेन्सर एकत्र धरले, जो फरक दिसला तो पी४ मधे टाकला.

आता खरी गोष्ट. फरक ०.३ ठेवला की बोर्डवरची रिले (बल्ब चालू-बंद करणारा स्विच) सारखी टकटक करते, अन् बल्बची थंड फिलामेंट सुरू होताना नेहमीच्या दहापट तरी करंट ओढते, त्यानं कधीतरी रिलेचे पॉइंट चिकटतात. चिकटले की डिस्प्लेवर काही का दिसेना, बल्ब चालूच. म्हणजे रिलेच्या भरवशावर न राहणारं दुसरं काहीतरी फेजच्या वायरमधे सिरीजला (एकामागे एक) पाहिजेच, अन् केएसडीची खरी जागा ही आहे.

पण कितीचा? ४५ चा घेऊ नका, निदान आपल्या विदर्भात तरी. मे महिन्यात टिनाच्या खोलीतच ४३-४४ होते, तो विनाकारण तुटणार अन् ३०-३२ शिवाय जुळणार नाही, म्हणजे रात्री अंडी थंड पडली तरी बल्ब बंदच. मी नागपूरच्या बर्डीवरून ५५ चा आणला, एनसी टाइप, म्हणजे एरवी जुळलेला अन् गरम झाल्यावर तुटणारा. पन्नीत बांधून गरम पाण्यात सोडला अन् मल्टिमीटर बीपवर ठेवला (लाइन जुळलेली असली की वाजते), ५४ ला बीप गेली, पाणी ४० च्या खाली उतरल्यावर परत आली. हे घरी नक्की करून पाहा, छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

बल्बजवळ ७२ चा थर्मल फ्यूज पण टाकला, थर्माकोल नरम पडायच्या आधी उडला पाहिजे म्हणून. तो एकदा उडला की फेकायचा. त्याला सोल्डर करू नका, कावियाच्या गर्मीनंच जातो, क्रिंप करा, म्हणजे जोड दाबून बसवा. पंखा वेगळ्या लाइनवर, बल्ब बंद असले तरी तो फिरत राहते.

५५ चा केएसडी घर वाचवते, अंडी नाही, ती त्याच्या कितीतरी आधी जातात. त्यासाठी दुसरा डब्ल्यू १२०९ सी मोडवर ३९ ला लावून त्यावर बझर जोडायचा आहे, वायर ओढून झोपायच्या खोलीपर्यंत. अंडी मात्र मृग लागल्यावरच ठेवीन, तोपर्यंत रिकामी पेटी चालवून पाहतो.