सरळ रेषेत चालणारा बॉयलर

कोजनचा, म्हणजे उसाच्या चिपाडावर वाफ आणि वीज तयार करणाऱ्या विभागाचा बॉयलर रात्री ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की सकाळी साखर कारखान्यात सगळ्यांची नजर इन्स्ट्रुमेंटवाल्यांकडे वळते. मी बाहेरचा माणूस, डीसीएस म्हणजे प्लांट चालवणारी कंट्रोल सिस्टीम आणि त्याच्या आजूबाजूच्या सॉफ्टवेअरची कामं घेतो. त्यामुळे मला बोलावणं येतं तेव्हा आरोप आधीच ठरलेला असतो. हा कारखाना दक्षिण महाराष्ट्रातला, नाव सांगत नाही. गाळप ऐन भरात होतं.

ट्रिप ड्रम लेव्हल लो-लोवर झाली होती. ड्रम म्हणजे बॉयलरमधलं पाणी आणि वाफ वेगळी होण्याचं भांडं. ड्रममधलं पाणी धोक्याच्या खुणेखाली गेलं आणि इंटरलॉकने, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने, बगॅस (उसाचं चिपाड) भट्टीत टाकणारे फीडर बंद केले. इंटरलॉकचं काम चोखच झालं. पाणी मुळात खाली का गेलं, हे शोधायचं होतं.

चीफ इंजिनियर साहेबांनी हिस्टोरियनचा ट्रेंड छापूनच ठेवला होता. हिस्टोरियन म्हणजे डीसीएसमधले आकडे ओपीसी नावाच्या जोडणीवरून उचलून वर्षानुवर्षं साठवणारं सॉफ्टवेअर. कागदावर दोन दिवस लेव्हल पन्नास टक्क्यांवर, पट्टीने आखल्यासारखी. मग पहाटे एकदम कडेलोट.

"ट्रान्समीटर गेला," साहेब म्हणाले.

पण ड्रमवर पातळी मोजून कळवणारे तीन ट्रान्समीटर होते आणि तीनपैकी दोघांचं एकमत झाल्याशिवाय ट्रिप होत नव्हती. अलार्मच्या यादीत तिघेही पाठोपाठ खाली गेलेले दिसत होते. तिघे एकाच वेळी बिघडणं अवघड. मला मात्र त्या कडेलोटापेक्षा आधीची सरळ रेषाच जास्त खटकत होती. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, त्याची ओल घटकेघटकेला बदलते, मिल मध्येच थांबते. असा बॉयलर दोन दिवस इतका शांत बसेल?

पॅनलवर नाना होते. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट असलेले जुने बॉयलर अटेंडंट. त्यांना विचारलं तर त्यांनी काही न बोलता लॉगशीटचा गठ्ठा पुढे सरकवला. तासातासाचे हाताने लिहिलेले आकडे: ४७, ५३, ४८, ५४, ४६. शेऱ्याच्या रकान्यात, "लेव्हल डुलते. वॉल्व्ह बघणे."

"कुणी बघितला का, नाना?"

"साहेब, सकाळच्या मीटिंगला ट्रेंड लावत्यात. त्यात सरळच दिसतंय म्हटल्यावर आमचं कोण ऐकणार?"

बॉयलर तोवर पुन्हा लाईनवर आला होता. मी डीसीएसच्या स्क्रीनवर सेकंदासेकंदाचा चालू ट्रेंड लावला: ड्रम लेव्हल, फीडवॉटर म्हणजे ड्रमला जाणाऱ्या पाण्याचा फ्लो आणि त्या पाण्याच्या वॉल्व्हला जाणारं आउटपुट, म्हणजे किती उघडायचं याचा हुकूम. शेजारच्या मॉनिटरवर हिस्टोरियनमधली तीच लेव्हल. दहा मिनिटं आम्ही नुसते बघत उभे होतो. एका स्क्रीनवर लेव्हल वर-खाली होत होती, करवतीच्या दात्यांसारखी. दुसऱ्या स्क्रीनवर रेषा ढिम्म. साहेबांनी दोन्हीकडचा टॅग (प्रत्येक मोजमापाचं नाव) नंबर स्वतः वाचून खात्री केली.

हिस्टोरियन खोटं बोलत नव्हता, त्याला सांगितलं तसंच तो वागत होता. दर सेकंदाला एक आकडा म्हणजे एका टॅगचे दिवसाला ८६,४०० आकडे, आणि टॅग हजारोंनी. म्हणून प्रत्येक टॅगला शेवटच्या नोंदीभोवती एक पट्टा ठरवून देतात: मूल्य त्या पट्ट्याबाहेर गेलं तरच नवी नोंद ठेवायची. डिस्क महाग होत्या तेव्हा हे शहाणपणाचंच होतं, आजही बेतात वापरलं तर आहे. इथे लेव्हलला हा पट्टा वर-खाली पाच-पाच टक्क्यांचा होता. लेव्हल पन्नासच्या वर-खाली डुलत होती तीन-चार टक्के.

मग वॉल्व्ह. शिफ्ट इनचार्जच्या परवानगीने, नाना ड्रमच्या लेव्हलवर डोळे लावून बसलेले असताना, लूप (लेव्हल बघून वॉल्व्ह आपोआप हलवणारं कंट्रोल) मॅन्युअलवर घेतला आणि आउटपुट एकेक टक्क्याने वाढवलं. फ्लो जागचा हलेना. पाचव्या टक्क्याला वॉल्व्ह झटक्यात उघडला. कारण साधं होतं: मागच्या क्लीनिंगच्या वेळी वॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागातून, पाणी गळत होतं म्हणून फिटरने ती करकचून आवळली होती. गळती थांबली, पण स्टेम, म्हणजे तो दांडा, अडकू लागला.

त्या पहाटे मिल थांबली होती, हे घटनांच्या नोंदीत होतं. वाफेची मागणी एकदम घटली की ड्रममधले बुडबुडे आक्रसतात आणि पाण्याची पातळी खाली जाते. वाफ कमी म्हणून कंट्रोलरने आधी पाणीही कमी केलं. पुढे लेव्हल घसरतेय बघून तो वॉल्व्हला उघड म्हणत राहिला आणि वॉल्व्ह बसल्या जागी बसून राहिला.

फीडवॉटर शेजारच्या स्टँडबाय लाईनवर घेऊन त्याच संध्याकाळी पॅकिंग बदललं. माझं खरं काम त्यानंतर सुरू झालं. हिस्टोरियनच्या सगळ्या टॅगची सेटिंग एक्स्पोर्ट करून डीसीएसच्या टॅग लिस्टशी ताडून पाहिली. प्रोजेक्टच्या वेळी कुणीतरी टाकीच्या लेव्हलचा एक नमुना बनवून तोच सगळीकडे चिकटवला होता. टाकीला पाच टक्के चालतात, ड्रमला नाही. हॅन्डओव्हरच्या जाडजूड फायलींमध्ये लूप ड्रॉइंग होती, कॉज अँड इफेक्टचा (कशामुळे काय बंद होतं याचा) तक्ता होता, पण या पट्ट्याबद्दल अक्षर नव्हतं.

आता प्रत्येक टॅगपुढे तो आकडा, तो का निवडला आणि कुणी मंजूर केला, असे तीन रकाने आहेत. ड्रमचा पट्टा अर्ध्या टक्क्यावर आणला. डिस्क भरेल म्हणून आयटीवाल्यांनी कुरकुर केली, तेव्हा त्या पहाटे बॉयलर बंद पडल्याचा हिशेब साहेबांनीच त्यांना ऐकवला. फर्नेस ड्राफ्टचा, म्हणजे भट्टीतल्या हवेच्या दाबाचा, पट्टा कमी केल्यावर तोही चांगलाच नाचताना दिसला. त्यातला भट्टीचा स्वभाव किती आणि हवेची झडप असलेल्या डँपरचा दोष किती, यावर माझा आणि नानांचा वाद अजून मिटलेला नाही.