फडक्यात अडकलेली तार

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावरच्या हँगरमध्ये आज दिवसभर ट्रेनर विमानाच्या शेपटीकडची पॅनेलं उघडून बसलो होतो. एलिव्हेटरची, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळीची केबल. जाडी जेमतेम ३ मिलिमीटर, पण आत ७ पेड, प्रत्येकात १९ तारा, म्हणजे १३३. एखादी तुटली तर डोळ्याला सहज दिसत नाही, म्हणून सुती फडकं केबलवरून हळूहळू ओढायचं. पुलीपाशी ते अडकलं. ताण सोडून केबल तिथं वाकवली, तशी तुटकी तार काट्यासारखी वर आली. पुलीही एकाच जागी घासली होती. दोन्ही बदललं.

वडगावात आमच्या अप्पांचे माग होते. तुटका धागा ते नुसत्या बोटानं ओळखायचे. केबलवर मात्र उघडं बोट फिरवायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. तार मांसात घुसते.

नंतर टेन्शनमीटरनं ताण मोजून तापमानाच्या तक्त्याशी जुळवला. उन्हात ॲल्युमिनियमचा सांगाडा स्टीलच्या केबलपेक्षा जास्त वाढतो, ताण चढतो. केबलचा ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल फिरून सैल होऊ नये म्हणून त्याला सेफ्टी वायर बांधली, सहकाऱ्याला पुन्हा तपासायला लावलं. योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं सुकाणू, मागं ओढल्यावर एलिव्हेटर वरच जातोय, हे स्वतः बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

उद्या सकाळी एक विद्यार्थिनी त्याच विमानात एकटी उडणार आहे.