भोंग्याच्या सावलीतली लेखिका

शाहू मिलवरून जाताना मला हटकून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकार एलिझाबेथ गास्केल आठवतात. छत्रपती शाहू महाराजांनी ही गिरणी १९०६ साली उभारली आणि गास्केल यांची ‘मेरी बार्टन’ त्याच्या कितीतरी आधी, १८४८ साली आली. तरीही भोंग्यावर चालणारी घरे ज्या कोल्हापूरकरांनी पाहिली आहेत, त्यांना त्या कादंबरीतले कापडगिरण्यांचे मँचेस्टर परके वाटणार नाही.

१८१० साली लंडनमध्ये जन्मलेल्या गास्केल लहानपणीच आईला पारख्या झाल्या आणि नट्सफर्ड या गावी मावशीकडे वाढल्या. १८३२ मध्ये एका धर्मोपदेशकाशी विवाह होऊन त्या मँचेस्टरला आल्या. १८४५ साली त्यांचे तान्हे बाळ दगावले, तेव्हा दुःखातून मन वळावे म्हणून पतीने लिहिण्याचा आग्रह धरला, आणि त्यातून उपासमार, संप व कामगारांचा संताप यांची ‘मेरी बार्टन’ ही जी कादंबरी जन्मली, ती निनावी प्रसिद्ध होऊनही गिरणीमालकांना झोंबली. पुढे ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये त्यांनी मालकाचेही मन उलगडले, मला तर हीच कादंबरी अधिक परिपक्व वाटते.

‘जेन एअर’ लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटी यांच्या, गास्केल यांनी १८५७ मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे कोर्टकचेरीची धमकी आली आणि मजकूर बदलावा लागला. १८६५ साली त्या अचानक वारल्या, तेव्हा ‘वाइव्ह्ज अँड डॉटर्स’ अपुरीच होती. पुढे कितीतरी वर्षे समीक्षक त्यांना नुसते ‘मिसेस गास्केल’ म्हणत राहिले; त्यांचे समकालीन कादंबरीकार डिकन्स यांना मात्र कोणी ‘मिस्टर’ या बिरुदाने ओळखले नाही.