ई.टी. खेळायचाच असेल तर गेम 3 लावा

संभाजीनगर काय नि परभणी काय, आपल्याकडे टीव्हीला जोडायचा गेम म्हणजे नव्वदच्या दशकातला, कॅसेट घालून खेळायचा. त्याआधीचं अटारी 2600 हे गेमचं मशीन फार थोड्यांनी पाहिलं. त्यावरचा, स्पीलबर्गच्या चित्रपटावरून काढलेला 'ई.टी.' हा गेम माहीत असतो तो न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरलेल्या आणि 2014 मध्ये उकरून काढलेल्या कॅसेटांमुळे. पण लोक म्हणतात तसा सगळ्यात वाईट गेम वगैरे काही तो नाही.

चित्रपटावरून गेम काढायच्या हक्कांचा व्यवहार जुलै 1982 च्या अखेरीस ठरला आणि माल नाताळाला दुकानात हवा होता. गेम लिहिणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉच्या वाट्याला आले जेमतेम पाच आठवडे. त्याच माणसाने आधीच्या 'यार्स रिव्हेंज' या गेमवर सात-एक महिने घालवले होते. कॅसेट काढल्या सुमारे 40 लाख, खपल्या 15 लाखांच्या आसपास. हा घोळ प्रोग्रामरच्या टेबलावरचा नव्हे, वर बसलेल्यांच्या हिशेबाचा.

गेममध्ये ई.टी.ला घरी फोन लावायचा असतो, त्या फोनचे तुकडे खड्ड्यांत उतरून शोधायचे. खरा दोष या खड्ड्यांचा. मशीनमध्ये रॅम 128 बाइट, कॅसेट 8 केबीची. टक्कर झाली की नाही हे टीआयए नावाची चिप ठरवते: ई.टी.च्या चित्राचा एक ठिपका जरी खड्ड्याच्या चित्रावर आला, तरी ती टक्कर. जमीन वरून पाहिल्यासारखी काढलेली, ई.टी. मात्र बाजूने उभा. त्यामुळे पाय कोरड्या जमिनीवर आणि नुसतं डोकं खड्ड्यावर आलं, तरी गडी आत. विहिरीत नुसतं डोकावलं म्हणून बुडाल्याचा पंचनामा करावा, तसलं हे. पुढे हौशी लोकांनी रॉममध्ये, म्हणजे कॅसेटमधल्या प्रोग्राममध्ये, दुरुस्ती करून फक्त पायांची टक्कर धरली. ती आवृत्ती खेळून बघा, तक्रार बरीचशी मिटते.

मूळच खेळायचा तर संगणकावर अटारीची नक्कल करणाऱ्या स्टेला एम्युलेटरवर एफ1 दाबून गेम 3, म्हणजे खेळाचा तिसरा प्रकार, निवडा. त्यात ई.टी.च्या मागे लागणारे एफबीआयवाला आणि शास्त्रज्ञ दोघेही नसतात, फक्त त्याचा मित्र एलियट. मग सुरू करायला एफ2. शक्ती 9999 पासून पावलागणिक घटते, उगाच भटकू नका. चालताना वरच्या पट्टीत खुणा बदलतात. प्रश्नचिन्ह दिसलं की बटण दाबा. त्या पडद्यावरच्या एखाद्या खड्ड्यात फोनचा तुकडा असेल तर तो लुकलुकतो. असे तुकडे तीन.

खड्ड्यातून बाहेर पडताना बटण दाबून मान लांब करायची आणि जॉयस्टिक वर. पडदा बदलला की लगेच हात सोडा! तसाच रेटत राहिलात तर काठावरून पुन्हा आत. थांबून, खड्डा कुठल्या बाजूला आहे ते बघून उलट दिशेला निघा.