धडधड उतरवायला शिकताना: माझा अनुभव

पंचेचाळिशी ओलांडली आणि माझी झोप पहाटे मोडायला लागली. छातीत धडधड, जबडा आवळलेला. आईवडिलांची औषधं, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचं काम सगळं एकदम अंगावर यायचं. पाळीही अनियमित झाली होती.

आधी डॉक्टरांकडे गेले. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी, सगळं व्यवस्थित निघालं. या तपासण्या कुणीही टाळू नयेत. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढला तरी धडधडतं, आणि त्यावर उपचार वेगळे असतात. रजोनिवृत्तीआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन खाली-वर होतं, त्याने झोप बिघडते, शिवाय पहाटे कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित हार्मोन वाढत असतंच, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मनाला 'शांत हो' सांगून काही होत नव्हतं. का, ते व्हेगस या मज्जातंतूबद्दल वाचल्यावर कळलं. मेंदूपासून हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत गेलेल्या या मज्जातंतूतले बहुतेक धागे शरीराची खबर मेंदूकडे नेतात. म्हणजे मनाची समजूत शरीराकडूनच घालायला हवी. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडायला जास्त वेळ द्यायचा: ४ मोजत नाकाने आत, ६ मोजत बाहेर. मिनिटाला साधारण ६ श्वास होतात.

पण सुरुवातीला श्वासाकडे लक्ष गेलं की मला उलट घाबरायला व्हायचं. तसं कुणाला होत असेल तर स्नायूंपासून सुरुवात करा. मुठी काही सेकंद घट्ट आवळायच्या आणि एकदम सैल सोडायच्या. मग खांदे, जबडा, पोटऱ्या. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची ही शंभरेक वर्षं जुनी पद्धत. आवळल्यावर सोडलं की आपण दिवसभर किती ताठ होतो ते जाणवतं. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

सराव मात्र बरं वाटत असतानाच करायचा. मी जेवणाआधी, अवघड फोन झाल्यावर, अंथरुणाला पाठ टेकल्यावर करते. घबराट शिगेला पोचल्यावर नवी गोष्ट शिकता येत नाही. दुपारनंतरची कॉफीही सोडली, कारण पाच-सहा तासांनंतरही निम्मं कॅफीन शरीरात उरलेलं असतं.

पहाटे अजून जाग येते, पण बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते. अंगातून येणाऱ्या गरम वाफा काही कमी झालेल्या नाहीत; त्यासाठी हार्मोन घ्यावेत का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवते आहे.