कथेची पाने आणि तक्रारीची पाने

रविवार, रात्री उशिरा

आजचा बहुतेक दिवस ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला वाहिलेल्या ‘ड्रॅगन’ मासिकाच्या जुन्या अंकांत गेला. (या खेळात डाव चालवणारा प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र होऊन काय करायचे ते ठरवतात आणि निकाल नियम व फासे देतात.) या मासिकाच्या पहिल्या २५० अंकांचा संग्रह १९९९ साली सीडीवर निघाला होता. तो पुन्हा उघडला आणि लेख बाजूला ठेवून फक्त वाचकांची पत्रे वाचत बसलो. सुरुवातीच्या काळात या सदराचे नाव ‘आउट ऑन अ लिंब’ असे होते आणि पुढे ‘फोरम’ नावाचे वेगळे सदरही निघाले, ज्यात वाचक एकमेकांनाच उत्तरे देत. नियमांवरचे वाद, चित्रांवरची नाराजी, चित्रकथा वाढवा किंवा कमी करा, असे सगळे तिथे आहे. मात्र मी थबकतो तो एकाच तक्रारीपाशी: मासिक खेळाचे आहे, मग त्यात कथा कशाला?

ही तक्रार मला परकी नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे डाव चालवायला लागलो तेव्हा अंक हाती आला की मी अनुक्रमणिकेवर पेन्सिलने खुणा करीत असे. नवा राक्षस, नवी मंत्रविद्या, नकाशा यांना खूण मिळे. कथेला कधीच नाही. पुढच्या डावात ज्याचा उपयोग नाही त्या मजकुराचे पैसे मी का मोजावेत, असा माझा रोकडा हिशेब होता. संपादकांना पाठवण्यासाठी एका पत्राचा कच्चा खर्डाही वहीत लिहिला होता. तो पाठवला नाही, हे बरेच झाले, कारण त्यात मी कथांना ‘अलीकडे घुसलेली भरताड’ म्हटले होते.

ते साफ चूक होते. जून १९७६ च्या पहिल्याच अंकात एक क्रमशः कादंबरी सुरू झाली होती आणि टोपणनावाने ती लिहिणारे होते खुद्द गॅरी गायगॅक्स, म्हणजे खेळाच्या दोन जनकांपैकी एक. खेळाची मुळेही कथांतच आहेत. जादूगाराने सकाळी मंत्र पाठ करायचा आणि एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जायचा, हा खेळातला नियम अद्भुतकथा लिहिणारे जॅक व्हॅन्स यांच्या कथांवरून घेतलेला आहे. डाव चालवणाऱ्यासाठीच्या १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’ या नियमपुस्तकात तर गायगॅक्स यांनी प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादीच परिशिष्ट म्हणून जोडली होती. जो नियम मी ‘उपयोगी मजकूर’ म्हणून घोकत होतो, तो मुळात कोणाच्या तरी गोष्टीतला प्रसंग होता, याची मला गंधवार्ता नव्हती. (आमच्यापैकी कोणालाच नव्हती, हे आपले स्वतःच्या समाधानासाठी.)

तरीही तक्रार करणारे निव्वळ अरसिक होते, असे मी म्हणणार नाही. मासिकातल्या काही कथा खरोखर सुमार आहेत. एखाद्याने आपल्या डावाचा वृत्तांत लिहावा तशा त्या चालतात, आणि दुसऱ्याच्या डावाचा वृत्तांत ऐकण्याइतके कंटाळवाणे काही नसते. वाचकांचा राग अशा कथांवर असेल तर तो मला मान्य आहे.

संध्याकाळ मात्र ‘इकॉलॉजी’ लेखमालेत गेली. एकेका राक्षसाचे राहणीमान सांगणाऱ्या या मालेतल्या कित्येक लेखांत वर संवाद किंवा गोष्ट असे आणि नियम व आकडे शेवटी तळटीपांत असत. कथा हवी असणाऱ्या आणि नको असणाऱ्या दोन्ही गटांना एकाच पानावर बसवण्याची ही युक्ती मला फार आवडते. मी त्या काळी थेट तळटीपांवर उडी मारीत असे. आज पहिल्यांदाच वरचा मजकूर सावकाश वाचला.

वाचता वाचता आमचा एक जुना डाव आठवला. पिअर्सर हा गुहेच्या छताला लटकणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यासारखा दिसणारा प्राणी. खालून कोणी गेले की तो अंगावर कोसळतो. नेम चुकला तर त्याला काहीच करता येत नाही, गोगलगाईच्या गतीने सरपटत पुन्हा छत गाठावे लागते. आमच्या डावात त्याचा नेम चुकला. मी आकडे सांगायचे विसरून तो भिंतीकडे कसा निघाला आहे, एवढेच सांगत राहिलो. चौघांपैकी कोणीही तलवार उपसली नाही. एकीने कंदील खाली धरला, त्याला वाट दिसावी म्हणून.

त्या प्राण्याचे चिलखत किती आणि फासे किती, हे आज मला सांगता येणार नाही. ते आकडे खेळाच्या नियमांच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर आणि पुन्हा २००० च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर तपासूनच घ्यावे लागले असते. कंदील मात्र लख्ख आठवतो.

झोपण्यापूर्वी वही शोधून तो खर्डा पुन्हा पाहिला. कथेने किती पाने अडवली, याची बेरीज समासात मांडलेली आहे आणि तीही चुकलेली आहे. उद्या पहिल्या अंकातल्या त्या क्रमशः कादंबरीपासून सुरुवात करणार आहे, पेन्सिल न घेता.