चिन्ह नसलेली मतपत्रिका

१ एप्रिल २०२५ला सकाळी सातला आमचं मतदान केंद्र उघडलं, तेव्हा रांग पार्किंगपर्यंत गेली होती. मी विस्कॉन्सिनमध्ये मतदान कर्मचारी म्हणून काम करते. त्या दिवशीची मुख्य निवडणूक होती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेसाठी. १९९५पासून तिथे असलेल्या ॲन वॉल्श ब्रॅडली यांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं. न्यायाधीश सात, त्यामुळे बहुमत उदारमतवाद्यांकडे जाणार की पुराणमतवाद्यांकडे, हे या एका जागेवर होतं. प्रचारात दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. न्यायाधीशाच्या निवडणुकीत अमेरिकेत इतका पैसा याआधी कधी ओतला गेला नव्हता.

अकराच्या सुमारास एक काकू आल्या. नाव वाचून मी मराठीत बोलले, तशा त्या खुलल्या. नागरिक झाल्यावरचं पहिलंच मतदान! ओळखपत्र, यादीत सही, मतपत्रिकेवर आम्हा दोन कर्मचाऱ्यांची आद्याक्षरं. मतपत्रिका घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या.

"अगं, यावर चिन्हच नाही. पक्षसुद्धा नाही. नुसती नावं."

"न्यायाधीशांच्या निवडणुकीत नसतोच पक्ष, काकू."

"मग कोण कुठलं, तू सांग की. मराठीत कुणाला कळणार आहे?"

खरंच कुणाला कळलं नसतं. आणि कोण निवडून यावं, हे माझ्या मनात पक्कं होतं.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क होते. साहेबांची बदली झाली की कित्येक महिने खुर्ची रिकामी. शेजारच्या तालुक्याचे साहेब प्रभारी म्हणून अधूनमधून यायचे, एरवी नुसत्या पुढच्या तारखा. नवीन साहेब कधी येणार, असं एसटीनं आलेली म्हातारी माणसं बाबांना विचारायची. बाबांना ते माहीत नसायचं. त्या माणसांना तर कधी कुणी काही विचारलंच नाही. परीक्षा देऊन आलेला न्यायाधीश मला आजही जास्त भरवशाचा वाटतो. देणग्या घेऊन निवडून आलेल्यापुढे देणगीदाराचाच खटला आला तर काय, ही धास्ती मला आहेच. पण काकूंना आज विचारलं गेलं होतं. त्यांचं उत्तर मी कसं देणार?

"ते मला सांगता येत नाही, काकू."

त्या क्षणभर हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "किती वर्षांसाठी असतं हे?"

"दहा."

"अगंबाई, दहा! मग फोनवर वाचून बघू का जरा?"

"बघा. फक्त मतपत्रिकेचा फोटो काढू नका."

वीस मिनिटं त्या वाचत उभ्या होत्या. नंतर यंत्रानं मतपत्रिका आत ओढून घेतली, त्यांनी लांबूनच मला हात केला. मत कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही.

सुझन क्रॉफर्ड निवडून आल्या. रात्री घरी येऊन बाबांना फोन केला, तिकडे सकाळ झाली होती. कोण जिंकलं, हे त्यांनी आधी विचारलंच नाही.

"रुजू कधी होणार?"

"१ ऑगस्टला."

"आणि जुन्या बाई कधीपर्यंत?"

"३१ जुलै."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे एक दिवससुद्धा खुर्ची रिकामी नाही," ते म्हणाले.